पुनवेचा ट्रान्झिस्टर

"ताई, आता तुमीच बोला," म्हणत जनार्दनदादांनी ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर ठेवला. झाकण उघडायच्या आधीच जळका वास आला. दादा दांडी गावचे. त्यांची बँजो पार्टी आहे, किनाऱ्यावरच्या गावांत हळदीला वाजवते. हा ॲम्प मीच दुरुस्त करून दिला होता. मनोरच्या हळदीत तो पुन्हा जळला. मांडव भरलेला, बायका नाचायला उभ्या, आणि बँजो मुका.

"रविवारी एडवनला हळद हाय," दादा म्हणाले. "तिथं बी बंद पडला तं आमाला कोन बोलवनार? डीजे टपूनच बसलेत."

"एडवणला नाही बंद पडणार," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. पण माझ्या हातचं काम परत आलं म्हणून मान खाली घालायची माझी तयारी नव्हती.

तारापूरच्या एमआयडीसीत मी मेंटेनन्सला होते. आता बोईसरला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. सुरुवातीला बाई सोल्डरिंग करतेय हे बघायला लोक दारात थांबायचे. एकदोघांच्या हातात मी टॉर्च धरायला दिला, तेव्हापासून गर्दी कमी झाली.

ॲम्पच्या शेवटच्या टप्प्याला पॉवर ट्रान्झिस्टर असतात. बँजोचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला ढकलायचं काम त्यांचं, त्यामुळे सगळा भारही त्यांच्यावर. दिसायला काळं चपटं प्लॅस्टिक, तीन पाय आणि उष्णता बाहेर जावी म्हणून पाठीला धातूची पट्टी. खरं काम करते ती आतली सिलिकॉनची चिप. बाकी सगळं तिचं घर.

मी सर्किट पहिल्यापासून तपासलं. पॉवर सप्लाय बरोबर, ड्रायव्हरचा टप्पा ठीक, स्पीकरची वायर कुठे शॉर्ट नाही. मेले होते फक्त मी घातलेले नवे ट्रान्झिस्टर. त्याच पाकिटातला एक शिल्लक होता. मल्टिमीटरवर तो झकास पास झाला. मग थिनरचा बोळा त्याच्या अंगावरून फिरवला. कंपनीचं नाव आणि नंबर बोळ्यावर उतरले. खाली घासलेलं प्लॅस्टिक. असली मालावर नंबर कोरलेला असतो, थिनरच्या बापाला तो निघत नाही.

माझं डोकं फिरलं. पाकिटावर ठळक अक्षरात 'ओरिजिनल' लिहिलेलं, आणि मी असली मालाचेच पैसे मोजले होते.

तो तिथेच फोडणार होते. पक्कड हातात घेतली आणि थांबले. माझ्या टेबलावर फोडून बघणार कोण? काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही माझी कारखान्यातली सवय. कंपनीने बसवलेले पहिले ट्रान्झिस्टर दादांनी ॲम्पच्या पेटीतच टाकून ठेवले होते. त्यातला एक उचलला.

"दादा, चला माझ्याबरोबर."

बोईसरमध्ये सुट्या पार्टचं मोठं दुकान एकच. आम्ही सगळे मेकॅनिक तिथेच जातो. मालकाला सगळे शेठ म्हणतात. संध्याकाळची वेळ होती, काउंटरला पाच-सहाजण टेकलेले.

"शेठ, तोच पॉवर ट्रान्झिस्टर एक द्या. ओरिजिनल."

त्यांनी खणातून पाकीट काढलं. मी पैसे दिले, ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवला आणि पकडीत धरून दाबला. कट्‌कन प्लॅस्टिक उडालं. मग जुना फोडला. दोन्ही शेजारी ठेवले. जुन्यातली चिप करंगळीच्या नखाएवढी. नव्यातली तांदळाच्या कणीएवढी. बाहेरून दोघं जुळे भाऊ.

"मॅडम, ये क्या तमाशा है?" शेठ म्हणाले.

"ही कणी हळदीचा आवाज कसा ओढणार? हळू लावला की चालतो, म्हणून माझ्या टेबलावर चालला. आवाज वाढवला की जळतो."

"मार्केट में सब यही आता है. ओरिजिनल कौन देता है आजकल?"

"मग पाकिटावर डुप्लिकेट लिहा. मी तसं समजून विकत घेईन."

शेठ खाली वाकून हळूच म्हणाले, "आगे से माल नहीं मिलेगा आपको. सोच लो."

"नका देऊ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. भीती वाटली नाही असं नाही. हे दुकान बंद म्हणजे एकेका पार्टसाठी मुंबई. पण ती भीती शेठना दाखवायची नव्हती.

दादा पुढे झाले. त्यांनी फुटलेला नवा ट्रान्झिस्टर उचलून तळहातावर घेतला.

"ही पुनवेची चिंबोरी हाय," ते म्हणाले. "कवटी मोठी, आत मास नाय. आमी अशी इकली तं बाया तोंडावर फेकून मारतील."

चिंबोरी म्हणजे खेकडा. अवसेला भरलेला, पुनवेला पोकळ, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत. काउंटरवरचे मेकॅनिक मोठ्याने हसले. एकाने हातातलं पाकीट शेठच्या पुढ्यात परत सरकवलं.

राहिली एडवणची हळद. असली माल कुरियरने मागवायला वेळ नव्हता. माझ्या घरी जुना विलायती ॲम्प होता, माझा लाडका. त्यातले ट्रान्झिस्टर काढून दादांच्या ॲम्पला लावले. जीव तुटला, पण लावले. मग दुकानातच पूर्ण आवाजात तासभर वाजवला. शेजारचा टेलर भांडायला आला, मी आवाज कमी केला नाही. रविवारी एडवणला बँजो शेवटपर्यंत वाजला. दादांनी फोन करून नुसता फोन मांडवाकडे धरला. मला एक शब्दही कळला नाही आणि फार बरं वाटलं.

शेठनी मला खरंच माल बंद केला. मी आता कंपनीच्या अधिकृत डीलरकडून मागवते. उशीर होतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात, काही सोडूनही जातात. जाऊ देत. पण हल्ली शेठच्या काउंटरवर मेकॅनिक पाकीट उघडायच्या आधी विचारतात, "शेठ, पुनवेचा की अवसेचा?" मध्यंतरी शेठनी निरोप पाठवला होता, हा शब्द मॅडमनी बंद करावा, माल पुन्हा चालू करतो. मी कळवलं, शब्द माझा नाही, दांडीला जाऊन बोला.

मल्टिमीटर पार्ट जिवंत की मेलेला एवढंच सांगतो. खरा की खोटा हे बघायला एखादा फोडावा लागतो. तो विकणाऱ्याच्याच काउंटरवर फोडावा. घरी फोडलेला फक्त आपल्यालाच दिसतो.