मागचं डावं चाक

वडिलांची अख्खी नोकरी रेल्वेच्या वॅगनी तपासण्यात गेली. चाकं, स्प्रिंगा, जमिनीपासूनची उंची. मी नवा रायपुरच्या एका सरकारी कार्यालयात खुर्ची उबवतो, पण चाकांचं वेड माझ्यातही आलं होतं. माझी छोटी गाडी आखूड स्प्रिंगा टाकून मी खाली बसवली. मग तिला शोभतील अशा रुंद चाकांसाठी महिनाभर मोबाइलात डोकं खुपसून बसलो.

चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ आणि पुढे एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर येतं. कंपनीचा पंचेचाळीस होता. मी पंचवीस घेतला, म्हणजे टायर फेंडरच्या पत्र्याशी अगदी बरोबरीनं दिसेल, आणि टायरही चांगला रुंद, एकशे पंच्याण्णवचा. दुकानदारानं रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी केली, टायर आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटं घातली आणि म्हणाला, “देख लो भैया, आराम से घूमेगा.” मला तेवढं पुरलं.

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरासमोर गाडी लावली तेव्हा वडील खाली आले. हात मागे बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारली.

“भरल्या गाडीचं माप घेतलं काय रे?”

“बाबा, ही काय मालगाडी आहे?”

“आम्ही रिकामी पाहून पास नव्हतो करत,” एवढं म्हणून ते वर गेले. मला राग आला. त्यांना माझं कौतुक करताच येत नाही, असं मी दोन दिवस बायकोला ऐकवत होतो.

रविवारी सगळे निघालो. वडील अंगानं भरदार, आणि उजवा गुडघा वाकत नसल्यानं नेहमी मागे डावीकडे बसणारे. पहिल्याच स्पीड ब्रेकरवर त्यांच्या खालून खर्रर्र आवाज आला. पुढच्यावर पुन्हा आला, मागोमाग जळक्या रबराचा वास. वडील आईच्या बाजूला सरकले. तरी आवाज थांबेना. मी काच खाली केली आणि गाणं लावलं.

त्यानंतर ते माझ्या गाडीत बसेनात. “तुह्या गाडीले त्रास होते,” म्हणायचे आणि ऑटो बोलवायचे. टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला लाज वाटायची. पण चाकं मी बदलली नाहीत. गाडी दिसायची फार छान.

मग वडिलांना पोटाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं, आणि दर तीन आठवड्यांनी नवा रायपुरच्या हॉस्पिटलात जाणं सुरू झालं. वडील आणि आई भाड्याच्या टॅक्सीत, मागून मी माझ्या रिकाम्या गाडीत. त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर त्या टॅक्सीच्या मागे चालवताना माझा मलाच संताप यायचा. शेवटी दुकानात जाऊन ईटी चाळीसची चाकं आणि एकशे पंच्याऐंशीचे अरुंद टायर सांगून आलो. यायला पंधरा दिवस लागणार होते.

“बाबा, नवी चाकं येताहेत. मग नाही घासणार.”

“आले का बसतो मंग.”

त्याआधीच तपासणीची तारीख आली आणि ऐन वेळी टॅक्सीवाल्यानं नाही म्हटलं. वडील माझ्या गाडीत बसले, मागे डावीकडे. शेजारी आई. पहिल्या स्पीड ब्रेकरला मी गाडी जवळजवळ थांबवलीच. मागे ताटकळलेला मोटारसायकलवाला ओरडला. आवाज आला नाही. दुसऱ्यावर आला नाही. तिसऱ्यावर जरा वेगात गेलो, मुद्दाम. नाहीच.

“बसवले वाटते नवे चाकं,” वडील म्हणाले. “आता नाही घासून राह्यली.”

आरशात आईची नजर माझ्याकडे होती. चाकं अजून आलीच नाहीत हे तिला माहीत होतं. तिनं हळूच मान हलवली, सांगू नको अशी.

“हो बाबा, बसवली,” मी म्हणालो. वडिलांचे शर्ट सैल झालेले मी रोज बघत होतो. पण ते किती उरलेत हे मला त्या तीन स्पीड ब्रेकरांवर कळलं. पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन मिनिटभर उभी केली आणि फोन आल्याचं नाटक केलं.

हॉस्पिटलच्या दारात आई उतरून पर्चीच्या रांगेत गेली. वडिलांना उतरवायला मी हात दिला. ते माझ्या खांद्यावर रेलून उभे राहिले, खाली वाकले आणि चाकाकडे बघत राहिले. आयुष्यभर चाकं बघितलेला माणूस. मी त्यांना सरळ उभं करायला गेलो तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“जुनेच हायेत,” ते म्हणाले. “तुह्या आईले नको सांगजो.”