शेपटीला खोबरेल

"वय झालंय" हे दोन शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. अजूनही.

आमच्याकडे फेरेट होता. मुंगसासारखा लांबुडका, हातभर प्राणी. इथे जपानमध्ये पेट शॉपात कुत्र्या-मांजरांच्या शेजारीच विकायला असतो. लेकीनं शाळेत असताना हट्ट करून आणलेला. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर त्याला मुंगूसच म्हणायच्या. "रोज सकाळी मुंगूस दिसतंय तुम्हाला, नशीब काढलंत!" वगैरे. पुढे लेक कॉलेजात गेली, पार्ट-टाइम नोकरीच्या मागे लागली, आणि त्याची शी-शू, खाणं, नखं, सगळं आलं माझ्या गळ्यात. आधी मी कुरकुर केली. मग तो माझे मोजे पळवून फ्रिजमागे लपवायला लागला, मी ओरडले की तिथून डोकं काढून बघायचा, आणि मला त्याचा लळा लागला तो लागलाच.

त्याच्या शेपटीचे केस जायला लागले. बघता बघता नुसती उंदराची शेपटी उरली. मी त्याला उचललं आणि निशी-कसाई स्टेशनजवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं, मान तिरकी केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ओतोशी देसु काराने." म्हणजे, वय झालंय ना त्याचं. तोशी म्हणजे वय, आणि त्याला पुढे आदरार्थी 'ओ'. वयालासुद्धा मान द्यायचा, पण वय झालेल्याच्या शेपटीला हात लावायचा नाही! मी विचारलं, मग करायचं काय? "लक्ष ठेवू या," म्हणाले. कोण ठेवणार होतं लक्ष, ते मात्र सांगितलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणतो, "बरोबरच आहे त्यांचं. माझे नाही गेले?" आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. त्या रविवारी सासूबाईंनी कॉलवर ती शेपटी पाहिली. "अरे, खोबरेल लाव त्याला, कोमट करून. आणि हे बघ, मला हल्ली जिना चढताना धाप लागते रे."

"आई, वय झालं आता तुझं. हळू चढत जा," नवरा म्हणाला, आणि तेल गरम करायला उठला.

आमच्या इंडियन दुकानातली खोबरेलाची बाटली आली. रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन हा गृहस्थ मांडीवर फेरेट घेऊन मालिश करायचा. फेरेट ते चाटायचा, लादीवर घसरायचा, सोफ्याला डाग पाडायचा. मी शेवटी ओरडले, "अरे, वेणी घालणार आहेस का त्याची?" नवरा म्हणे, "काहीतरी करतोय ना मी!" हो, करत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टक्कल शेपटीवरून कमरेवर आलं, मग दोन्ही कुशींवर सारखंच पसरलं. तो सारखा खाजवायचा. मी पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेले. पुन्हा तीच तिरकी मान, पुन्हा तेच ओतोशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण भांडण्याइतकं जपानी मला येत नाही. "आरिगातो" म्हणून बाहेर पडले. आभार मानले मी त्यांचे, आभार!

मग एका सकाळी तो शूच्या ट्रेमध्ये पाठीची कमान करून उभा. जोर करतोय, कण्हतोय, थेंब येत नाही. एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न बघणारी लेक रडत रडत फोनवर शोधायला लागली. कावासाकीत फक्त छोट्या प्राण्यांचे एक डॉक्टर सापडले. "मामा, हायाकु!" आई, लवकर चल म्हणत ती चपलेतच धावली. (मामा म्हणजे इथे आईच.) तोझाई लाइन, मग पुढे गाडी बदलून कावासाकी. पिशवी मांडीवर, आणि लेक सगळा रस्ता पिशवीत तोंड घालून त्याच्याशी जपानीत बोलत होती.

या डॉक्टरबाईंनी आधी त्याला हातात घेतलं. पोट चाचपलं, सोनोग्राफी केली. मूत्रपिंडाशेजारची एक ग्रंथी सुजलेली होती. तिच्यामुळेच केस जातात, शेपटीपासून सुरुवात होते, आणि नराची प्रोस्टेट फुगून लघवी अडते. पाळीव फेरेटमध्ये नेहमीचा आजार, म्हणाल्या. शेपटीचे केस गेले तेव्हाच आणलं असतंत तर इंजेक्शनांवर बरंच आटोक्यात राहिलं असतं.

"पण त्यांनी तर ओतोशी म्हटलं होतं," मी म्हणाले.

"वयानं असे केस जात नाहीत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या डॉक्टरबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी नळी घालून पाहिली, खूप धडपडल्या. पण मूत्रपिंडं निकामी झाली होती. संध्याकाळी तो गेला.

मला रडू आलंच नाही. राग आला. त्या तिरक्या मानेचा, त्या 'ओ'चा, घरभर पसरलेल्या खोबरेलाच्या वासाचा. आजार पोटात, आणि आम्ही शेपटी चोळत बसलो होतो!

रविवारी सासूबाईंचा कॉल आला. मुंगूस कुठंय, विचारायला लागल्या. नवरा म्हणाला, "गेला गं आई. वय झालं होतं त्याचं."

मी त्याच्या हातातून फोन हिसकावला. "वय नव्हतं झालं, आई! आजार होता. औषध होतं त्यावर. सगळे वय वय करत बसले आणि कुणी धड तपासलंच नाही, म्हणून मेला तो!"

सासूबाईंशी मी कधी असा आवाज चढवला नव्हता. मला वाटलं, दुखावल्या. नवरा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मग त्यांनी तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं, नुसतं कपाळ आणि चष्माच दिसायला लागला, आणि हळूच विचारलं,

"मग माझी ती धाप गं? तीसुद्धा वय नसेल का?"