डर्बीच्या घोडीची सोबतीण

लढाईच्या दिवसांत मी लोणावळ्याला स्टेशनबाहेर टांगा हाकत होतो. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी घरात बसल्या होत्या आणि बंगल्यांवर येणारे पाहुणे पुन्हा टांग्याकडे वळले होते. टांगेवाल्यांचे दिवस बरे होते. माझ्या घोडीचे मात्र बरे नव्हते.

त्या पावसाळ्यात ती व्याली आणि शिंगरू जन्मल्याजन्मल्या गेलं. तेव्हापासून ती गप्प झाली होती. ओढायची, चारा खायची, पण स्टेशनवर उभी असताना कुठं शेळीचं करडू ओरडलं तरी मान वळवून तिकडेच बघत राहायची. मला काळजी वाटायची. बायको म्हणायची, "वाईच दम धरा. तिचं मन तिलाच सावरू द्या."

थंडीत एका दुपारी मुंबईकडे निघालेली गाडी स्टेशनात आली आणि थांबूनच राहिली. शेवटी घोड्यांचा एक डबा जोडलेला होता. आतून धाडधाड लाथा बसत होत्या, फळ्या कडाकड वाजत होत्या. अशानं डबा घाटात पुढं नेता येणार नाही म्हणून रेल्वेवाल्यांनी तो सोडवून बाजूला काढला. गाडी निघून गेली. आम्ही टांगेवाले कुंपणापाशी गर्दी करून बघत होतो.

मालधक्क्यावर उतरवली ती एक काळीभोर तरणी घोडी. असं जनावर मी तोवर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पाय हरणासारखे, कातडी अशी की खालची शीरन्‌शीर दिसावी. ती घामानं थबथबली होती. तिचा मोतद्दार, एक पिकल्या मिशांचा म्हातारा, तिला चुचकारत होता. तेवढ्यात पलीकडच्या रुळावर लष्करी मालगाडीनं शिट्टी दिली. घोडीनं हिसका मारला, दोर म्हाताऱ्याच्या हातातून निसटला आणि ती फाटकातून सरळ आमच्या अंगावर आली.

सगळे पळाले. मी माझ्या घोडीच्या तोंडाशी उभा होतो, मला पळता येईना. वाटलं, आता टांगा मोडणार, आपणही मोडणार. पण ती आली आणि माझ्या घोडीला अंग लावून थांबली. चारी पाय लटलट कापत होते. माझ्या घोडीनं मान लांब केली, तिचं नाक हुंगलं आणि मग सावकाश तिची मान चाटायला लागली, वासराला गाय चाटते तशी. कितीतरी महिन्यांनी माझ्या घोडीचे कान असे उभे राहिलेले मी पाहिले.

म्हातारा धापा टाकत आला. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. "हात लावू नगस गड्या," तो म्हणाला. "अशीच ऱ्हाऊ दे. दोगींना बी अशीच ऱ्हाऊ दे."

त्याच्यामागून कोट-टोपीतले ट्रेनर साहेब आले. ते मुंबईचे पारशी गृहस्थ. दोघींकडे बघून त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

दुपारभर त्यांनी घोडीला दुसऱ्या डब्यात चढवायचा प्रयत्न केला. माझी घोडी दिसेनाशी झाली की ती मागचे पाय झाडायची. शेवटी साहेब माझ्याकडे आले.

"तुझी घोडी आमच्यासोबत मुंबईला येऊ दे. तू पण ये. रेस होईपर्यंत रहा. तुझं नुकसान मी होऊ देणार नाही."

मी म्हणालो, "घरी इचारून येतो."

साहेब हसले नाहीत. "विचार," म्हणाले. "मी इथेच बसतो."

बायको बाजारातल्या दुकानात चिक्कीसाठी शेंगदाणे पाखडायला जायची. मी तिला तिथंच गाठलं आणि सगळं सांगितलं. ऐन हंगामात टांगा बंद ठेवायचा, मुंबईला तबेल्यात राहायचं, मला काही पटत नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"घोडीनं काय केलं म्हनालात?"

"चाटत हुती तिला."

"मग इचारताय काय मला? जावा की. माझं मी बगते."

दिवस कलताना आम्ही निघालो. दोन घोड्या, म्हातारा आणि मी, एकाच डब्यात. पहिला बोगदा आला तेव्हा काळीनं डोळे पांढरे केले. माझ्या घोडीनं आपली हनुवटी तिच्या पाठीवर टेकवली आणि टेकवूनच ठेवली. अंधार गेला, उजेड आला, पुन्हा अंधार. घाट उतरेपर्यंत काळीनं एकही लाथ मारली नाही.

म्हातारा शिरगावकडचा होता, हयात तबेल्यात काढलेला. मी त्याला आबा म्हणायला लागलो. त्यानं मला सांगितलं की ही एरवी तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांबरोबर यायची. यंदा पुण्यात खोकला झाला म्हणून मागं राहिली आणि एकटीच निघाली.

"आन् ह्या रेसला एवढं काय हाय, आबा?" मी विचारलं.

"आजवर मोटे कप नेले ते इलायती घोड्यांनी न्हाईतर अरबांनी," तो म्हणाला. "हितं जन्मलेल्या घोड्याला कोन इचारतंय? त्याला आपली किरकोळ रेस. आता लढाईनं बोटी बंद झाल्या, इलायतेचे घोडे येईनात. तवा साहेब लोकांनी ही नवी रेस काडली. डर्बी म्हनत्यात. फकस्त आपल्या मातीतल्या घोड्यांची. ही काळी माज्या हातावर जन्मली, मावळात. आई तिची तवाच गेली."

मग तो उगाचच गवत सारखं करत राहिला.

मुंबईच्या तबेल्यात माझ्या घोडीला काळीशेजारची जागा मिळाली. तिथले लोक आधी हसले. टांग्याचं जनावर, छातीवर साजाचे घट्टे, आणि दोन्ही बाजूंना लाखमोलाचे घोडे! पण काळी दाणा खायला लागली, अंगानं भरली, तसं त्यांचं हसणं थांबलं. पहाटे ती मैदानावर पळायला निघाली की माझी घोडी फाटकापर्यंत बरोबर चालायची. काळी परत येईपर्यंत मी तिथंच माझ्या घोडीला चारत बसायचो.

रेसच्या दिवशी एवढी माणसं जमली की मला लढाई चालू आहे याचा विसर पडला. साहेबांच्या सांगण्यावरून आबा आणि मी कठड्याला लागून उभे राहिलो. दीड मैलाची दौड. सुटल्यावर काळी घोळक्यात कुठं गेली ते कळेनाच. लांबच्या वळणावर ती मागून दुसरी दिसली. आबानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, संपलं.

मग सरळ पट्टीवर ती बाहेरच्या बाजूनं निघाली. मान खाली घातली आणि पाय लांबवले. एकेक घोडा तिच्या मागं पडायला लागला. आबा ओरडत नव्हता, नुसता पुटपुटत होता, "चल माज्या बाय, चल माज्या बाय." पुढं एकच उरला. त्याच्या खांद्याशी ती पोचली आणि रेस संपली.

दुसरी आली होती. मी हिरमुसून आबाकडं पाहिलं तर म्हातारा हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आरं, आईबिगर वाडलेली पोर ती," तो म्हणाला. "आन् अख्ख्या देशात दुसरी!"

साहेब तबेल्यात आले ते आधी माझ्या घोडीपाशी गेले. तिच्या कपाळावर हात ठेवून मला म्हणाले, "पैसे तर मी देणारच. आणखी काय पाहिजे तुला?"

मला बायकोची आठवण झाली आणि तोंडातून निघून गेलं, "हिला परत एक शिंगरू व्हावं, एवढंच."

काळीच्या मालकांचा मावळात घोड्यांच्या पैदाशीचा मळा होता आणि तिथं एक म्हातारा रेसचा घोडा वळू म्हणून ठेवलेला होता. चार दिवसांत घोडीची तिकडे सोय झाली.

काळीला पुढं सोबतीची गरज पडली नाही. त्या पावसाळ्यात ती पुण्याला गेली तेव्हा डब्यात शांत उभी राहिली, असं आबानं निरोप पाठवून कळवलं.

आणि वर्ष फिरायच्या आत, थंडी ओसरत असताना, आमच्या अंगणात घोडी व्याली. बायको जवळ होती. शिंगरू पडलं, धडपडलं आणि काठ्यांसारख्या लांब पायांवर उभं राहिलं. सकाळी सगळे टांगेवाले बघायला आले.

"एवडे पाय!" एक जण म्हणाला. "टांग्याच्या दांड्यांत मावायचं न्हाई हे."

"मग नगं मावू दे," बायको म्हणाली आणि तिनं अंगणाचं फाटक उघडलं. बाहेर दहिवरानं ओलं झालेलं मोकळं माळरान होतं. घोडी हळूच बाहेर पडली आणि शिंगरू तिच्यामागून पळत सुटलं.