यादीतल्या दोघी

आमच्या घरात सगळे फॉर्म पप्पा भरायचे. रेशनकार्डाचा, गॅसचा, आईच्या बँकेचा, माझ्या शाळेचा. नांदेडच्या एका सरकारी कचेरीत ते लिपिक होते आणि एका चौकोनात एकच अक्षर बसवायला त्यांना आवडायचं. आम्ही खाली सही करायची, एवढंच. बी.एस्सी. होईपर्यंत मी एकही फॉर्म स्वतः भरलेला नव्हता.

त्या वर्षी मात्र माझ्या पर्समध्ये चार दिवस एक फॉर्म होता आणि तो मी भरलेला होता. पदवीनंतरचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान. टेबलावरच्या फायलीत दुसरा फॉर्म होता, पप्पांनी भरलेला. बिलोलीच्या बी.एड. कॉलेजात माझा नंबर लागला होता. दोन्हीकडे प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार. दोन्हीकडे ओरिजनल टी.सी. द्यावी लागणार होती, आणि ती एकच असते. माझी पप्पांच्या कपाटात होती.

कपाटाला कुलूप नव्हतं. पण आमच्याकडे त्या कपाटातून कोणी काही घेत नसे, मागत असे. आणि मला मागता येत नव्हतं.

हे जुनंच होतं. दहावीनंतर पप्पांनी मला लातूरला ठेवलं तेव्हाही मी काही बोलले नाही. ट्यूशन एरियात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ मुली राहायचो, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मी धरून नऊ. दर रविवारी परीक्षा, मंगळवारी भिंतीवर यादी. यादीत वर गेलं की बॅच बदलायची, खाली आलं की पुन्हा बदलायची. मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझं नाव 'कॉन्व्हेंट' पडलं. मेसमधल्या मावशीसुद्धा म्हणायच्या, "कॉन्व्हेंटला एक पोळी जास्त वाढा गं, वाळून चालली." शिरूर अनंतपाळकडची एक मुलगी शेजारच्या कॉटवर असायची. ती फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची आणि मग मला विचारायची, "आता ह्येचा अर्थ सांग." मी सांगायची. तिला मेडिकलला प्रवेश मिळाला. मला मिळाला नाही. पप्पांनी पुन्हा फॉर्म भरला, मी एक वर्ष रिपीटर म्हणून राहिले, पुन्हा मिळाला नाही. पप्पा एकाआड एक रविवारी एस.टी.नं डबा घेऊन यायचे आणि परीक्षा कशी गेली हे न विचारता भिंतीवरची यादी वाचून यायचे. खालून वाचायला सुरुवात करायचे. माझं नाव लवकर सापडावं म्हणून असेल.

मग नांदेडला परत येऊन बी.एस्सी. शेवटच्या वर्षी कॉम्प्युटरचा एक पेपर होता. चपला बाहेर काढून लॅबमध्ये जायचं. खोलीला जाड पडदे होते आणि एक एसी होता. तो मशीनसाठी आहे, मुलींसाठी नाही, हे लॅबचे शिपाईकाका रोज बजावायचे. तिथे माझा पहिला प्रोग्राम चुकला आणि पडद्यावर आलं की चूक अकराव्या ओळीत आहे. मी बराच वेळ ते बघत राहिले. लातूरला तीन वर्षांत मला कोणी ओळ दाखवली नव्हती. नुसते मार्क जायचे.

माझ्याबरोबर एकाच मशीनवर बसायची ती माझी मैत्रीण. तिच्या घरचं जुनं बाइंडिंगचं दुकान. आजोबांपासून रजिस्टरं, वह्या, कोर्टाचे बस्ते शिवायचं काम. माझ्या वाटचं बोलणं ती बोलून टाकायची. सर्टिफिकेटच्या कोर्सचे दोन फॉर्म तिनंच आणले.

"बिलोलीला जाऊन मास्तरीण होनारेस तू?" ती म्हणाली. "तुझा आवाज पहिल्या बाकापर्यंत जात नाही, मॅडम. पोरं तुला खडू समजून फळ्यावर घासतील."

"घरी विचारायला पाहिजे."

"मग विचार ना. कायको घाबरती इतकी? पप्पा आहेत, वाघ नाहीत."

पप्पा वाघ नव्हतेच. वाघ असते तर सोपं गेलं असतं. ते कधी ओरडले नाहीत, दोनदा नापास होऊन आल्यावरही नाही. त्यांनी फक्त पुढचा फॉर्म आणला. आई म्हणायची, "बी.एड. म्हटलं की नोकरीबी आन् स्थळंबी. कॉम्प्युटरचं काय, आज हाय उद्या न्हाई." पप्पा यावर हसायचे, पण फॉर्म बी.एड.चाच भरायचे.

कोर्सच्या प्रवेशासाठी छोटीशी मुलाखत होती. बाहेरच्या बाकावर आम्ही बाराजणं. आत दोन सर. त्यातले वयस्कर होते त्यांनी माझ्या मार्कमेमोवर नजर टाकली, "लातूरलाही होता तुम्ही" असं म्हणाले, आणि लातूरचं काय झालं ते विचारलं नाही, म्हणून मला ते लगेच आवडले. मग त्यांनी सगळ्यांना विचारत होते तोच प्रश्न विचारला.

"समजा, एका गावाच्या दोन याद्या आहेत. दोन्ही यादीतली माणसं एकत्र करायची, पण एक माणूस दोनदा येता कामा नये. तो एकच आहे की दोघं वेगळे, हे तुम्ही कशावरून ठरवाल?"

बाहेर आलेल्या सगळ्यांनी उत्तर सांगितलं होतं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख. चारही जुळलं तर तोच माणूस. मैत्रिणीनंही तेच सांगितलं होतं आणि सरांनी मान डोलावली होती. मी तोंड उघडलं आणि ते उत्तर माझ्या तोंडातून निघेना.

लातूरकडे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची, तिसरीत होते. नांदेडला आमचं काही पडलं नाही. आईनं पुढचे काही महिने पेल्यावर पेला उपडा रचून दाराजवळ ठेवला, हादरा बसला तर आवाज होईल म्हणून, एवढंच आमच्या घरात बदललं. पण पप्पांना तिकडे कामाला पाठवलं. पडलेल्या गावांतल्या कोणाला घर द्यायचं, याच्या याद्या करायच्या होत्या. ते शनिवारी यायचे तेव्हा रेग्झिनच्या पिशवीत कागदांचे गठ्ठे असायचे. पहिल्या आठवड्यातली एक यादी, आणि सुटलेली माणसं घालून नंतर केलेली दुसरी. दुसऱ्या यादीत पहिल्यातली नावं पुन्हा घुसली होती, ती काढायची होती. वेळ नव्हता. पप्पांनी मला समोर बसवलं.

मला मराठी सावकाश वाचता यायचं. शाळेत सगळं इंग्रजी. त्यामुळे मी नाव वाचत नसे, अक्षरं चित्रासारखी जुळवत असे, आणि पप्पांना ते फार उपयोगी वाटलं. ते दुसऱ्या यादीतलं नाव मोठ्यानं म्हणायचे, मी पहिल्या यादीत शोधायची. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की दुसऱ्या यादीत लाल पेननं पट्टी लावून रेघ मारायची आणि समासात लिहायचं, 'दुबार'. मी ती अक्षरं फार नीट काढायची. सबंध रविवार आम्ही हे केलं. मला मजा आली, हे आता लिहिताना बरं वाटत नाही, पण आली.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी दोन बायका आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. निलंग्याकडच्या एका खेड्यातून एस.टी. बदलत आल्या होत्या. पप्पा बनियनवर बाहेर आले. दोघींतली उंच होती ती म्हणाली, "सायेब, बघून घ्या. आमी दोघी हाव."

पप्पांना कळेना.

"हिचं नाव तेच माजं नाव. हिच्या मालकाचं नाव तेच माज्या मालकाचं. चुलतभाऊ हायेत दोघं, आज्याचं नाव दोघांलाबी ठिवलं. लग्नात सासूनं माजं नाव बदललं, तवा ह्या घरात त्या नावाची एक हाय हे कुनी बघितलंच न्हाई."

दुसरी म्हणाली, "आन् वयबी एकच. जलमतारीक तर यादी करताना मास्तरनं सगळ्या गावाचीच एक जून लिवली."

"एकीला घर लागलंय, एकीला काटलंय," उंच बाई म्हणाली. "आता कोन काटली तेबी कळंना. ही म्हनती तू, मी म्हनते तू. दोगी मिळून पत्र्याच्या एका शेडात हाव. म्हनलं चल, दोगीबी जाऊन हुबं राहू. एकटी गेली तर म्हनतील, तुजं तर झालंय."

आईनं त्यांना चहा दिला. मी दाराच्या आत होते. पप्पांनी पिशवीतून यादी काढली, पान सापडलं. लाल रेघ, आणि समासात माझं अक्षर. नऊ वर्षांच्या इंग्रजी शाळेतल्या मुलीचं गोल अक्षर कोणालाही ओळखू आलं असतं. त्या बायकांना वाचता येत नव्हतं.

"माझ्या हातून चूक झाली," पप्पा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. 

जिचं नाव काटलं होतं तिचंही घर झालं, पण पुढचा सबंध पावसाळा ती त्या शेडातच राहिली. कागद फिरत राहिला. ते पप्पांनी आईला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. पुन्हा त्यांनी मला याद्या तपासायला बसवलं नाही आणि का नाही हे आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मुलाखतीत एव्हाना धाकट्या सरांनी पुढच्या मुलीची फाइल हातात घेतली होती.

"सर, ते चारही जुळलं तरी दोन माणसं असू शकतात," मी म्हणाले. आवाज पहिल्या बाकापर्यंत तरी गेला. "आपल्याकडे नातवांना आजोबांचं नाव ठेवतात. सुनेचं नाव बदलतात. आणि शाळेत घालताना तारीख माहीत नसली की एक जून."

वयस्कर सर हसले. "माझीही एक जूनच आहे. मग काय करायचं?"

"यादी करतानाच प्रत्येकाला त्याचा स्वतःचा नंबर द्यायचा. आणि नाव काढायच्या आधी दोघींना समोर बोलवायचं."

"कॉम्प्युटर कसा बोलवेल?"

"कॉम्प्युटरनं फक्त दाखवायचं, की इथे शंका आहे. बोलवायचं माणसानं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर माझं नाव होतं. मी यादी वरून वाचली.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पा कचेरीतून आले, चहा घेतला, आणि बिलोलीची फाइल काढून बसले. कपाटातून टी.सी. आणून फायलीवर ठेवली. उद्या सकाळची पहिली गाडी पकडायची असं आईला सांगत होते. मी पर्समधून माझा फॉर्म काढला आणि टी.सी.च्या शेजारी ठेवला. तेवढंच मला जमलं.

पप्पांनी चष्मा लावला. "हा कोणी भरला?"

"मी."

ते जसे याद्या वाचायचे तसा त्यांनी तो मोठ्यानं वाचला. नाव, पत्ता, जन्मतारीख. माझी खरी आहे, दवाखान्यातली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"मुलाखत झाली?"

"झाली. निवड झाली."

"काय विचारलं?"

मग मी सांगितलं. प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं. बायकांचं नाव घेतलं नाही, पण 'दोघींना समोर बोलवायचं' म्हटल्यावर पप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तारीख बघून काट असं मीच सांगितलं होतं तुला," ते म्हणाले. "रेघ माझी होती, बेटा. तू नुसती पट्टी धरली होतीस."

मला तेरा वर्षं वाटत होतं की ते मला बोलले नाहीत कारण ते रागावले होते.

"बी.एड.चं काय मग?" आई म्हणाली. "चांगला नंबर लागलाय पोरीचा."

माझ्या फॉर्मवर पप्पांचं बोट फिरत होतं. एका रकान्यावर थांबलं. कोर्स निवडण्याचं कारण. तो मी कोरा सोडला होता.

"कोरा रकाना ठेवू नये. त्रुटी काढतात."

त्यांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी दोन ओळी लिहिल्या. लिहिताना त्यांनी डोकावून बघितलं नाही. लिहून झाल्यावर मी बी.एड.चा फॉर्म जवळ ओढला, आता हा लागणार नाही म्हणून आडवी रेघ मारणार होते. त्यांनी माझा हात धरला.

"काटू नको. राहू दे फायलीत."

मग टी.सी. उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि आतल्या खोलीकडे जाता जाता म्हणाले, "आधी तीन झेरॉक्स काढ, मग ओरिजनल दे. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नको. मागायची, तोंडानं."