दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

मी जन्मात दारूला हात लावला नाही. बायकोचा भाऊ मोहाच्या दारूनं गेला, म्हणून सासऱ्यानं पोरगी देण्याआधी मला नागऱ्याच्या महादेवापुढं उभं करून शपथ घ्यायला लावली. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण शपथ पाळायला शाळा लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात पोट जड राहू लागलं, म्हणून गोंदियाला सोनोग्राफी केली. लिव्हरवर चरबी चढली, ते कडक होऊन राहिलं, असं निघालं. मशीनवाल्यानं बायकोसमोरच विचारलं, "बाबाजी, दारू कितनी पीते हो?" मी शर्ट घातला आणि बाहेर आलो. अशा माणसाशी काय बोलायचं?

आमच्याकडे लिव्हर म्हटलं की दारूच. बुढा लपून घेत होता, असं पानठेल्यावर सुरू झालं. त्याचं मला काही नाही. पण घरी बायको म्हणाली, "खरं सांगा. मी भांडत नाही."

पुन्हा महादेवाची शपथ घेऊ लागलो, तर तिनं तोंड फिरवलं. तिच्या भावानंही शपथाच घेतल्या होत्या.

मला साखरेची बिमारी जुनीच, मग मीच तिला त्या साखरेच्या डॉक्टरकडे नेलं. हिच्यासमोर सांगा, म्हटलं. त्यानं नीट समजावलं. दारू न पिणाऱ्याचंही असं होते. साखरेच्या बिमारीत अंगातलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मग उरलेल्या साखरेची लिव्हर चरबी करते, आणि चरबीनं भरलेलं लिव्हर साखर आणखी वाढवते. खाता काय, असं त्यानं विचारलं. चहातली साखर सोडली, मी ऐटीत सांगितलं. बाकी घरच्या धानाचा भात तिन्ही वेळा, आणि भात शिजला की त्याची काढलेली पेज लोटाभर.

डॉक्टर म्हणाला, त्या सगळ्याची साखरच होते.

"पेज तं मीच देऊन राहिली होती," बायको म्हणाली. "ताकद यावी म्हणून."

बसमध्ये मी तिला विचारलं, आता पटलं का?

"पटलं. दारूनं झालं असतं तं तुमचं पाप होतं. हे माहं होय."

साखरेच्या गोळ्या मीच चुकवत होतो, हट्ट माझाच होता, हे मी किती वेळा सांगितलं. ती ऐकत नाही. पेज आता म्हशीपुढं जाते. मला वाटीभर भात वाढते आणि स्वतः तेवढाही घेत नाही. डॉक्टर म्हणतो, कडक झालं ते मऊ होईल याचा भरवसा नाही, उरलं ते सांभाळा. मी सांभाळतो. पण तिला कसं सांभाळू?

कधी वाटते, तिनं मला दारुड्याच समजलं असतं तर बरं होतं. भांडली तरी असती.