शेजाऱ्याचं मांस, माझा फ्रिज

त्या उन्हाळ्यात माझी आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे राहायला आली होती, आणि नेमकी तेव्हाच माझ्या शेजाऱ्याची आईही त्याच्याकडे आली होती. हे आधी सांगायला हवं. त्याच्या आईला काही कळू नये या एका हट्टापायी पुढचं सगळं माझ्या डोक्यावर येऊन बसलं.

शेजारी पुण्याचा. नीउ-व्हेनेप या डच गावात आमची घरं एकाच रांगेत, मध्ये एक घर सोडून. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तो अंड्याच्या पुढे गेला नव्हता. मग ऑफिसच्या कुठल्याशा पार्टीत त्यानं स्टेक खाल्ला आणि तेव्हापासून तो भेटेल त्याला बीफबद्दल शिकवतो. बायको त्याची पक्की शाकाहारी, तिच्यापुढे हे चालत नाही. म्हणून मला शिकवतो.

मी औरंगाबादला बौद्ध वस्तीत वाढले. आमच्याकडे रविवारी मोठ्याचं असायचं. त्याला बीफ म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि ते बोलायचं नसतं हेही तेव्हाच कळलं. पुण्याला होस्टेलवर मुली विचारायच्या, "नॉनव्हेजमध्ये काय काय खातेस गं?" मी चार वर्षं "चिकन" एवढंच सांगितलं. त्यामुळे हा मुलगा माझ्याच बागेत उभा राहून, जनावराच्या कुठल्या भागाला काय म्हणतात ते स्वतःच्या बरगड्यांवर हात फिरवून मला दाखवायला लागला, की माझ्या मनात जे यायचं ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. "हो का?" म्हणायचे आणि चहा टाकायचे.

मे महिन्यात एका शनिवारी तो मागच्या बोळातून आला. "ताई, तुझ्या शेडमधला फ्रिज रिकामा आहे ना?"

"रिकामा कुठला? आई आलीये. मेथी आहे, मासे आहेत, इडलीचं पीठ आहे."

"ते घरातल्या फ्रिजमध्ये नाही मावणार?"

मग खरं काय ते बाहेर आलं. त्यानं खाटकाकडून चार किलोचा, हाडासकट, चरबीसकट एक तुकडा सांगून ठेवला होता. तो चार आठवडे उघडाच फ्रिजमध्ये ठेवायचा, खाली जाळी, आत छोटा पंखा. वरून वाळतो, आतून मुरतो, चव घट्ट होते. त्याच्या गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये सगळी तयारी झाली होती, पण आता आई आली आणि ती रोज त्यात ताकाचं भांडं ठेवते.

"मग ती गेल्यावर कर," मी म्हटलं.

"तोपर्यंत उन्हाळा संपेल ताई. बाहेर भाजायचंय ना."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ज्या वर्षी माझा पाय मोडला होता, त्या वर्षी यानंच दोन महिने माझं सामान आणून दिलं होतं. मी फ्रिज रिकामा केला. मासे वरच्या मजल्यावरच्या छोट्या फ्रीजरमध्ये, मेथी खिडकीत, इडलीचं पीठ कुठेच मावेना म्हणून दोन दिवस आम्ही इडल्याच खाल्ल्या.

आणि मग सूचना सुरू झाल्या. दार उघडायचं नाही. उघडलं तर लगेच लावायचं. तापमान दोन अंशांच्या वर जाता कामा नये. रोज सकाळी थर्मामीटरचा फोटो पाठव. झुइडओस्टच्या ऑफिसला जाणारी गाडी पकडायला मी सायकलवर टांग टाकणार, तेवढ्यात मेसेज, "ताई, फोटो?" एकदा मीटिंगमध्ये असताना त्याचे तीन फोन येऊन गेले. मला वाटलं आईला काही झालं. बाहेर येऊन फोन लावला तर हा विचारतो, "पंखा चालू आहे ना? आवाज येतो का बघायला सांग ना काकूंना."

काकू, म्हणजे माझी आई, रोज तो फ्रिज उघडत होती. मी तिला दहा वेळा सांगितलं, तरी उघडत होती. तिला ते मांस पाहिल्यावाचून चैन पडेना. पहिल्या आठवड्यात म्हणाली, "चांगलं आहे गं, ताजं आहे. करू का आज?" दुसऱ्या आठवड्यात, "काळं पडायला लागलंय. सांग त्याला." तिसऱ्या आठवड्यात ती माझ्यावरच चिडली. "एवढं चार किलो अन्न डोळ्यांदेखत वाळवतोय तो. वाळवायचंच होतं तर पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर घालायच्या. आठ दिवसांत चान्या झाल्या असत्या. विजेचा पंखा कशाला लागतो?"

चान्या मी शेवटच्या खाल्ल्या त्याला वीस वर्षं झाली असतील. आजी गच्चीवर दोरीला घालायची आणि आम्ही पोरं कावळे हाकायला बसायचो. निखाऱ्यावर भाजलेली एक पट्टी आणि ज्वारीची भाकरी, तासभर चघळत बसायचं. आई म्हणाली, आता तिकडे काही मिळत नाही, आणि म्हशीचं मिळालं तरी पिशवीत पिशवी घालून आणावं लागतं.

हे मी शेजाऱ्याला सांगितलं, तर तो खूश होऊन म्हणाला, "अरे वा, म्हणजे जर्की! पण ताई, हे वेगळं आहे. हे जरा सायंटिफिक आहे."

मी फोन ठेवून दिला.

एव्हाना आमच्या दोघांच्या आयांची मात्र छान गट्टी जमली होती. रोज सकाळी दहा वाजता त्याची आई मागच्या फाटकाशी येऊन "येताय का?" अशी हाक मारायची. मग दोघी कालव्याच्या कडेनं चालत जायच्या, बदकांजवळच्या बाकावर बसायच्या आणि तासाभरानं परत यायच्या. माझ्या आईला इथे बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मी दिवसभर ऑफिसात, रस्ता सुनसान, टीव्हीवर डच. त्या एका तासावर तिचा दिवस निघायचा.

चौथ्या आठवड्यात त्यानं लोणी आणलं. लसूण, थाइमचा सुगंधी पाला, लिंबाची किसलेली साल, बारीक कोथिंबीर आणि अर्धी हिरवी मिरची घालून मळलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वळकटी केलेलं. तेही माझ्याच घरातल्या फ्रिजमध्ये, कारण मांसाजवळ ठेवलं तर वास लागतो. दोन दिवसांनी मी ऑफिसातून आले तर आई म्हणाली, "ते मसाल्याचं लोणी चांगलं होतं गं. भाकरीवर घेतलं. मीठ जरा कमी होतं." अर्धी वळकटी संपली होती.

मी त्याला कळवलं. त्यानं फक्त एक रडका चेहरा पाठवला, आणि संध्याकाळी येऊन माझ्या ओट्यावर नवीन लोणी मळत बसला. लसणाची सालं, थाइमच्या काड्या आणि लोण्याचे हात लागलेली माझी ड्रॉवरची मूठ तशीच टाकून गेला.

शेवटी तो रविवार आला. त्याची बायको त्याच्या आईला घेऊन कुणाकडे तरी सत्यनारायणाला जाणार होती, दुपारभर रान मोकळं होतं. त्यानं मांस बाहेर काढलं. वरून लाकडासारखं कडक झालं होतं. तो धारदार सुरीनं वरचा काळा थर कापून काढायला लागला, बाजूची वाळकी चरबी काढली, आणि हे सगळं कचऱ्याच्या पिशवीत. आई शेजारी उभी राहून पिशवीकडे बघत होती.

"एवढं टाकणार?"

"काकू, टाकावंच लागतं ते."

"चार किलोचं किती उरलं?"

तो सुरी चालवत राहिला. आतलं मांस मात्र गडद लाल, गुळगुळीत, खरंच देखणं होतं. त्यानं दोन बोटं जाड असे तीन तुकडे कापले, मीठ लावलं, तासभर तसेच ठेवले. कोळसे पांढरे होईपर्यंत थांबला. मग तुकडे जाळीवर टाकले तसा चर्र आवाज झाला आणि जो वास सुटला त्यानं आई खुर्चीतून उठून जवळ गेली. तो तुकड्यात थर्मामीटर खुपसून आकडे मोठ्यानं वाचत होता.

"रक्त सुटतंय बघ. अजून होऊ दे," आई म्हणाली.

"काकू, ते रक्त नसतं. ते मायोग्लोबिन. बघा, मांसपेशीत..."

माझी आई चाळीस वर्षं बाजारात उभी राहून मांस पारखून घेत आलेली बाई. ती गुमान ऐकत होती.

त्यानं तुकडे ताटात काढले, प्रत्येकावर लोण्याची एक एक चकती ठेवली. लोणी कडेनं वितळायला लागलं आणि तेवढ्यात मागचं फाटक वाजलं.

त्याची आई. नेसलेली ठेवणीतली साडी, हातात प्रसादाची पुडी. पूजा लवकर आटोपली होती, सून गाडी लावत होती, घराला कुलूप होतं म्हणून ती आमच्याकडे ठेवलेली त्यांची जादा किल्ली मागायला आली होती. तिनं ताटाकडे पाहिलं. मग मुलाच्या हातातल्या चिमट्याकडे पाहिलं.

तो एका क्षणात म्हणाला, "आई, हे यांचं आहे. काकूंना खायचं होतं. ताईला भाजता येत नाही म्हणून मी नुसता मदतीला आलो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनीच हात जोडून. मी काही बोलले नाही. आजही मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

"बरं बरं," त्याची आई म्हणाली. "चालू दे तुमचं." प्रसादाची पुडी हातातच घट्ट धरून, किल्ली घेऊन ती गेली.

फाटक लागलं. मी त्याला म्हटलं, "जा, आणि खरं काय ते सांगून ये."

"ताई, प्लीज. तिला बीपी आहे."

"आणि माझ्या आईला काय आहे, लाकडाचं काळीज?"

"अगं, तुमच्याकडे चालतं ना पण! तुम्हाला काय फरक पडतो?"

आई मध्ये पडली. "खा आधी. गार होतंय." तिनं ताटं पुढे सरकवली.

आम्ही खाल्लं. आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे ते अप्रतिम होतं. वरून खरपूस, आत मऊ, लोण्यातली लसूण-कोथिंबीर प्रत्येक घासाला. मला ते वाईट व्हायला हवं होतं. आई म्हणाली, "कच्चं आहे, पण चांगलं आहे," आणि तिचा तुकडा परत जाळीवर टाकायला लावला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई चपला घालून फाटकाशी दहा मिनिटं उभी राहिली आणि आत आली. विचारलं तर म्हणाली, "पाय दुखतात त्यांचे, असेल काहीतरी." चौथ्या दिवशी तिनं चपला घातल्याच नाहीत. मी त्या दिवशी घरून काम करत होते. ती खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणारी कुत्री मोजत होती. माझं डोकं सणकलं.

मी तशीच उठून त्याच्या घरी गेले. तो ऑफिसला गेला होता, सूनही. त्याच्या आईनं दार उघडलं.

"काकू, ते मांस तुमच्या मुलाचं होतं," मी दारातच म्हटलं. "चार आठवडे माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं त्यानं. माझी आई ते मागायला गेली नव्हती."

"माहितीये मला," ती म्हणाली. "आत ये."

मी आत गेले नाही.

"विचारायच्या आत तो पटकन उत्तर देतो ना, तेव्हाच खोटं असतं. शाळेपासून बघतेय. आणि कपड्यांना वास येतो गं. धुते कोण? मीच ना?"

"मग तुम्ही फिरायला का येत नाही? माझी आई रोज वाट बघते."

"काय तोंडानं येऊ? पोटच्या पोरानं त्यांच्यावर ढकललं आणि मी 'चालू दे तुमचं' म्हणून आले. प्रसादसुद्धा दिला नाही. घरी येऊन पुडी बघितली तेव्हा मला कळलं मी काय केलं ते."

मी भांडायला गेले होते. आवाज चढवून मी एवढंच म्हटलं, "अहो मग हे तिला येऊन सांगा की! मला काय सांगताय?"

दुसऱ्या दिवशी दहाला ती आली. दोघी गेल्या आणि चांगल्या दीड तासानं परत आल्या. काय बोलल्या ते आईनं मला सांगितलं नाही. "तुला काय करायचंय? आमचं आम्ही बघितलं," एवढंच म्हणाली.

त्या शनिवारी तो आला. पुढच्या दारानं, बेल वाजवून, जे तो कधी करत नाही. आईसमोर उभा राहून म्हणाला, "काकू, सॉरी. मी असं म्हणायला नको होतं."

"मला कशाला? तुझ्या आईला सांग."

"तिला आधीच माहीत होतं म्हणे."

"मग बस," आई म्हणाली, आणि खुर्चीवरची घडीची चादर उचलून त्याला जागा करून दिली.

तो बसला. पाचेक मिनिटांत त्याच्यानं राहवेना. उरलेल्या तुकड्यांचं फ्रीजरमध्ये काय होतं, आणि पुढच्या वेळी सहा आठवडे ठेवलं तर चवीत काय फरक पडेल, ते तो आईला सांगायला लागला. आई मान डोलवत होती. मी लॅपटॉप उघडून पाठ फिरवून बसले. त्या दिवशी चहा मी केला नाही. आईनं केला.