पायरीवरचा डबेवाला बाप

आमच्या बारामतीच्या गल्लीत कॉलेजच्या पोरींसाठी चार मजली वसतिगृह होणार होतं. गोंगाट नको म्हणून विरोधाचा अर्ज घेऊन मीच दारोदार फिरलो.

सणसरचा एक माणूस रोज एसटीनं लेकीचा डबा आणायचा. ती कॉलेजातून येईस्तवर माझ्या पायरीवर बसायचा, कालवण सांडू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून. त्यालाही मी सही मागितली.

"आबा, माझी लेक पत्र्याच्या खोलीत राहती," तो म्हणाला. "आन् तुमच्या घरात तरी दुसरं कोण बोलतंय?"

बायको जाऊन वरीस झालं होतं. राग आला, पण बोलणं खरं होतं. अर्ज मी दिलाच नाही.

वसतिगृह झालं, तिथं खाणावळ आली, त्याचं येणं थांबलं. आता सकाळी समोर पोरी नळावर भांडतात, आणि चहा एकट्यानं पिल्यासारखा वाटत नाही.